शेवटचा आकडा

पत्र चौथ्यांदा वाचून झाल्यावर वकिलांनी ते टेबलावर ठेवलं, त्यावर चष्म्याची डबी ठेवली आणि बहिणीकडे पाहिलं. कोर्टात उलटतपासणी सुरू करण्याआधी ते असंच काहीतरी टेबलावर ठेवत.

"तुला शेवटचं विचारतो. हे नाव तू पाठवलंस का?"

"दादा, शेवटचं म्हणून तीनदा विचारून झालंय तुझं."

"पत्रात स्पष्ट लिहिलंय, 'कुटुंबाकडून आलेल्या शिफारशीनुसार'. मी पाठवलेली नाही. मग उरतं कोण?"

"मीही तेच गणित केलं. माझ्या गणितात तू उरतोस."

शाळेची मुख्याध्यापिका होऊन तिला अकरा वर्षं झाली होती. गावभर तिला हेडबाई म्हणत, आणि भावाच्या घरातही ती वर्गात शिरल्यासारखीच शिरे. आज आल्या आल्या तिनं पंखा बंद केला होता, कागद उडतात म्हणून.

पत्र राज्याच्या संग्रहालयाचं होतं. राज्याच्या इतिहासात ज्यांच्या कामाची नोंद राहून गेली अशा चौदा स्त्रियांची नावं नव्या दालनाच्या दगडी भिंतीवर कोरायची ठरलं होतं. दहावं नाव माईचं होतं. त्यांची आई, नऊ वर्षांपूर्वी गेलेली. आज पाच वाजता संग्रहालयाच्या बाई येणार होत्या. वारसांच्या सह्या घ्यायच्या, जुन्या वह्या पाहायच्या, आणि उद्या यादी पाथरवटाकडे जायची. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक नियम होता. वकिलांनी त्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली होती: एखाद्या नावाबद्दल वाद निघाल्यास ते नाव वगळून प्रतीक्षायादीतलं पुढचं नाव घेतलं जाईल.

"तुझं कारण मला दिसतंय," हेडबाई म्हणाल्या. "पुलाच्या रुंदीकरणात या घराची पुढची बाजू जाणार. तीन वर्षं तुझी केस हललेली नाही. आणि नेमकं आत्ता माईचं नाव भिंतीवर. उद्या तू उभा राहणार, म्हणणार, हे घर ऐतिहासिक आहे, हात लावू नका."

"आणि पाठ्यपुस्तकांच्या समितीवर कोणाला जायचंय? पुढच्या वर्षी निवृत्ती आहे ना तुझी?"

"चहा टाकू का?" वकिलांच्या बायकोनं दारातून विचारलं.

दोघं एकमेकांकडेच बघत होते.

"माझ्यावर कोणी संशय घेत नाही, हे एक बरं आहे," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं झाली या घरात. एवढ्या लायकीची अजून कोणी समजलं नाही."

वकील हसले नाहीत. त्यांच्या मनात दुसरंच चाललं होतं. वह्यांच्या ट्रंकेची किल्ली त्यांच्याकडेच होती, गेल्या रविवारी लेकीला देईपर्यंत. ट्रंक न उघडता शिफारस लिहिणारं माणूस कोण?

माईची गोष्ट मात्र ट्रंक न उघडताही सगळ्यांना पाठ होती. घर पूर्वी पाणीमोजणी खात्याचं होतं. मागच्या दारापासून नदीत बेचाळीस पायऱ्या उतरत आणि त्यांच्या कडेच्या भिंतीवर सेंटिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या खुणांची मोजपट्टी रंगवलेली होती. खात्याच्या यादीत नाव वडिलांचं, पण दम्यामुळे त्यांना पायऱ्या झेपत नसत. सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी मोजायचं काम माईचं. एकसष्ट वर्षांपूर्वीच्या पुरात तिनं एकतीस तास, दर अर्ध्या तासानं, पातळी मोजून धरणाच्या कचेरीत पोचती केली. त्या आकड्यांवरून धरणाचे दरवाजे किती आणि कधी उघडायचे ते ठरलं, आणि खालची वस्ती वेळेत हलवली गेली. वडील गेल्यावर खात्यानं ते काम माईच्याच नावावर केलं.

या गोष्टीत अक्का फक्त गमतीपुरती यायची. अक्का म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दीड वर्षात परत आली ती इथलीच झाली. आता एक्याऐंशीची होती. 'अक्का पाण्याला भिते,' असं घरात म्हणत. नदीकाठी राहून ती पायऱ्या कधी उतरत नसे. या क्षणी ती पलीकडच्या खोलीत रेडिओ लावून बसली होती. तिला कमी ऐकू येतं असं सगळे धरून चालले होते.

"वर जाऊन बघते, पोरगी काय करतेय," हेडबाई उठत म्हणाल्या.

"ती वह्या लावतेय. मी सांगितलंय."

"तू सांगितलंयस म्हणूनच बघते."

*

भाचीचं टोपणनाव मोजणी. लहानपणी पाहुण्यांच्या चपलासुद्धा मोजायची. आता तिनं संख्याशास्त्रात पदवी घेतली होती आणि टोपणनावाची टिंगल थांबली होती. हेडबाई वर आल्या तेव्हा ती जमिनीवर बसली होती. भोवती हिरव्या कापडी पुठ्ठ्याच्या सेहेचाळीस वह्या, मांडीवर आलेखाचा कागद. कागदावर टिंबांच्या दोन रांगा होत्या.

"लावतेयस की वाचतेयस?"

"आत्या, किती वाजले?"

हेडबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सव्वातीन."

"तीन वाजून सतरा मिनिटं झालीत."

"तेच ते."

"तेच ते नाही. सव्वातीन सांगायला सोपं म्हणून तू सव्वातीन म्हणालीस. सगळी माणसं असंच करतात. माईआजीही करायची." तिनं एक वही उघडून पुढे सरकवली. "हे बघ. दोन पूर्णांक चाळीस. दोन पंचेचाळीस. दोन पस्तीस. ती पाणी बघायची, बेचाळीस पायऱ्या चढून यायची आणि मग लिहायची. वर येईपर्यंत आकडा गोल झालेला असायचा. शंभरांतल्या सत्तर नोंदी शून्यावर नाहीतर पाचावर संपतात. नदी असं करत नाही. नदीला सगळे आकडे सारखे."

हेडबाईंनी वही हातात घेतली. अक्षर माईचंच होतं, सरळ, खाली जरा दाबलेलं. या अक्षरात त्यांना शाळेच्या डब्यात चिठ्ठ्या यायच्या.

"मग? चूक काढायला बसलीस का आजीची? आज?"

"चूक नाही. पुराच्या नोंदी बघ." तिनं दुसरी वही उघडली. "त्रेसष्ट नोंदी होत्या. शेवटच्या दहांचं पान धरणाच्या कचेरीनं नेलं, उरल्या त्रेपन्न. त्यांतल्या फक्त अकरा शून्य-पाचाच्या. म्हणजे पाचांतली एक. नदीत जशा असतील तशाच."

"पुरात माणूस जास्त काळजी घेतं."

"मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून मागेपुढे मोजलं." मुलीचा आवाज जरा खाली आला. "पुराआधी दोन वर्षं सकाळच्या नोंदी अशाच आहेत, बिनगोल. दुपारच्या-संध्याकाळच्या गोल. एकोणीस ऑगस्टपासून तिन्ही वेळच्या बिनगोल. पूर आला तेवीसला. पुढे दहा ऑक्टोबरपर्यंत तसंच, दीडशेच्या वर नोंदी. अकरा ऑक्टोबरला सकाळी आणि दुपारी बिनगोल, संध्याकाळी गोल. आणि त्यानंतर शेवटच्या वहीपर्यंत सगळ्या गोल. सकाळच्यासुद्धा."

हेडबाईंनी वही मिटली.

"अक्षर तर एकच आहे."

"अक्षर एकच आहे. डोळे दोन जणींचे आहेत."

खालून भावाच्या खुर्चीचा आवाज आला. हेडबाईंच्या डोक्यात पहिला विचार आला तो माईचा नव्हता, भावाचा होता. याला माहीत असेल. म्हणून तर आज इतकी घाई.

"बाबांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"सांगू नकोस. मी सांगते, योग्य वेळी."

"योग्य वेळ म्हणजे सह्यांच्या आधी की नंतर?"

या मुलीला आपण लहानपणी पाढे शिकवले याचा हेडबाईंना पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

*

मोजणी आत्याच्या मागोमाग नाही, पुढेच जिना उतरली. आत्यानं 'सांगू नकोस' म्हटलं नसतं तर ती कदाचित थांबलीही असती. जिन्याच्या तळाशी आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिथं उभं राहायचं काही कारण नव्हतं.

"वन्सं काय सांगू नको म्हणाल्या?"

"ऐकलंस तू?"

"ऐकलं नाही. तुझी पावलं ऐकली. या घरात कोण कोणाला गप्प बसवतंय एवढं बघायचं, बाकीचं आपोआप कळतं." तिनं ट्रे लेकीच्या हातात दिला. "जा. गरम आहे तोवर बोल."

बाबांच्या टेबलावर ट्रे ठेवून मोजणीनं पत्राचं दुसरं पान उलटलं. शिफारशीतला उतारा संग्रहालयानं तिथं छापला होता.

"बाबा, हे बघितलंत? 'चोवीस ऑगस्ट, सकाळी साडेदहा, सर्वोच्च पातळी नऊ पूर्णांक सदतीस मीटर.' हा आकडा कुठून आला?"

"वहीतून."

"ते पान वहीत नाही, कचेरीनं नेलं. मागच्या भिंतीवर पुराची खूण आहे तिच्यावर नऊ पूर्णांक चार लिहिलंय. माईआजीच्या प्रमाणपत्रावरही नऊ पूर्णांक चार. सदतीस घरात कुठेच नाही. मी सगळं शोधलं."

वकिलांनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं त्यांच्याकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, आणि तो एकमेकांसाठी राखून ठेवलेला होता.

पलीकडच्या खोलीतला रेडिओ बंद झाला.

"अकराला दोन बोटं उतरलं," अक्काचा आवाज आला. "तेव्हा कळलं की आता चढत नाही. तोवर काही खरं नव्हतं."

*

वकिलांनी स्वतःची खुर्ची उचलून अक्काच्या खोलीत नेली आणि तिच्यासमोर ठेवली. बाकीचे दारात उभे राहिले. साक्षीदार म्हातारा असला की प्रश्न छोटे ठेवायचे, ही त्यांची सवय.

"अक्का, शिफारस तू पाठवलीस?"

"हो."

"लिहून कोणी दिली?"

"गुडघ्याचे व्यायाम घ्यायला येते ती. अक्षर चांगलं आहे तिचं. गुडघ्याचं काही जमत नाही."

"पुरात पायऱ्यांवर कोण होतं?"

"मी."

"आणि माई?"

"वहिनी वर, खिडकीत. लिहायला." अक्कानं हात मांडीवर ठेवले. "खात्याचे नियम होते बाबा. वही पाण्याजवळ न्यायची नाही. वहीत अक्षर एकच हवं. मग मी खालून आकडा ओरडायचे आणि विचारायचे, 'लिहिलंस?' ती वरून म्हणायची, 'लिहिलं.' ते ऐकल्याशिवाय मी पट्टीवरची नजर काढायची नाही."

"पुराच्या आवाजात? बेचाळीस पायऱ्यांवरून?"

"बेचाळीस कुठल्या? पाणी चढलं तशी मीही चढत आले. शेवटी खिडकीखालीच होते."

उत्तर बरोबर होतं. खोटं बोलणारं माणूस 'मोठ्यानं ओरडायचे' म्हणालं असतं.

"शेवटचा आकडा कसा धरायचीस? लाटा असतील."

"दहा लाटांचा माथा बघायचा, दहांचा तळ बघायचा, आणि मधलं धरायचं. वहिनीला तेवढा धीर नव्हता. घर होतं, माझ्या दादाचा, तुझ्या वडिलांचा, दमा होता. ती एकदाच बघायची आणि यायची. मला कुठं जायचं होतं?"

दारात मोजणीनं मान हलवली, स्वतःशीच.

"हे सगळं ठीक आहे," वकील म्हणाले. "पण माई स्वतः का उतरली नाही? एरवी उतरायची. आणि त्या दिवशी, राज्यभर हाहाकार असताना, खिडकीत बसून राहिली? मला पटत नाही."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. काहीतरी तपासून बघितल्यासारखं होतं.

"अक्काआजी," मोजणीनं विचारलं, "एकोणीस ऑगस्टला काय झालं?"

"हा झाला," अक्का वकिलांकडे हनुवटी करून म्हणाली.

वकिलांनी खुर्ची पुढे ओढली.

"माझा जन्म एक जूनचा," वकील म्हणाले.

"तो शाळेचा जन्म. नाव घालायला गेलो तर वय भरेना. मास्तर म्हणाले, एक जून लिहितो. अर्ध्या वर्गाची एक जूनच होती."

"माई म्हणायची, मी पुराच्या वर्षीचा."

"वर्षीचा नाही रे बाळ, पुराचाच. चार दिवसांचा होतास. एका हातात तू आणि एका हातात पेन. तू रडायला लागलास की मला 'लिहिलं' ऐकू यायचं नाही, मग परत विचारावं लागायचं."

पस्तीस वर्षं वकील दुसऱ्यांच्या जन्मतारखांचे दाखले मागत आले होते. जुळत नसलेल्या दाखल्यांवर त्यांनी दोन मोठ्या केसेस जिंकल्या होत्या. स्वतःचा दाखला त्यांनी कधी उलटून पाहिला नव्हता.

"आणि अकरा ऑक्टोबर?" हेडबाईंनी विचारलं. त्यांचा वर्गातला आवाज गेला होता.

"साहेब आले प्रमाणपत्र घेऊन. वहिनीला विचारलं, 'वही तुमची?' ती म्हणाली, हो. 'अक्षर तुमचं?' हो. मी दारात चहा घेऊन उभी होते. पुढचं त्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही, मी बोलले नाही. संध्याकाळी पाणी बघायची वेळ झाली तेव्हा मी उठले नाही. तीच उतरली. काय लिहिलं असेल तिनं? पस्तीस नाहीतर चाळीस."

मोजणीनं हातातली वही चाळली. "दोन पूर्णांक पस्तीस."

"बघ."

"आणि हे पाण्याला भिणं?" वकिलांच्या बायकोनं पहिल्यांदाच विचारलं.

"ते वहिनीनंच काढलं. लोक विचारायचे, नणंद आता खाली का येत नाही. काहीतरी सांगायला हवं होतं तिला. मी खोडून काढलं नाही. मग तुम्ही पोरं हसायला लागलात. मग राहूनच गेलं."

हेडबाई पुढे झाल्या. "दादा, मग भिंतीवर अक्काचं नाव हवं."

"नियम वाच. वाद निघाला की नाव जातं. माईचंही जाईल आणि अक्काचंही लागणार नाही. प्रतीक्षायादीतली कोणीतरी पंधरावी येईल."

"म्हणजे गप्प बसायचं? घर वाचवायला?"

"मी घराचं बोललो का?"

"बोलला नाहीस, तेच तर."

"आणि तुला एका तासात अक्काचा एवढा पुळका? काल तिचा चष्मा बदलायचा होता तेव्हा तुझी मीटिंग होती."

"पुरे करा," वकिलांची बायको म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण या घरात तो शब्द तिनं पूर्वी कधी वापरला नव्हता. "त्यांना विचारा की. अक्का, तुम्ही स्वतःचं नाव का नाही पाठवलंत? वहिनीचं का पाठवलंत? कोणती नणंद असं करते?"

हेडबाईंनी भावजयीकडे पाहिलं.

"माझं नाव पाठवलं असतं," अक्का म्हणाली, "तर यानं पहिलं काय विचारलं असतं? पुरावा काय. म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणाले असतात. वहिनीचं पाठवलं की तुम्हीच ट्रंक उघडणार, तुम्हीच एकमेकांवर संशय घेणार, तुम्हीच शोधणार. आणि ही," तिनं मोजणीकडे पाहिलं, "मोजल्याशिवाय राहणार नाही."

"म्हणजे तुम्ही मला..." मोजणी बोलता बोलता थांबली. एक आठवडा ती स्वतःच्या शोधावर खूश होती.

"मी काही केलं नाही. मोजायला मी सांगितलं का?"

दारावरची घंटा वाजली. पाचाला सात मिनिटं कमी होती.

*

संग्रहालयाच्या बाई पन्नाशीच्या, बारीक, पाठीवर कापडी पिशवी घेतलेल्या. त्यांनी चहाला नको म्हटलं, आधी वह्या पाहिल्या, आणि मग वकिलांच्या बायकोनं अपेक्षा केली नव्हती असं काहीतरी विचारलं.

"धरणाच्या जुन्या कागदांत ते फाडलेलं पान मला सापडलं. त्यावर सदतीसच आहे. पण ते गठ्ठे साठ वर्षं कोणी उघडलेले नव्हते. शिफारस करणाऱ्याला हा आकडा कसा ठाऊक?"

ही बाईसुद्धा आपल्यासारखीच आहे, वकिलांच्या बायकोच्या मनात आलं. आधी संशय, मग चहा.

"सह्या कुठं करायच्या?" वकिलांनी विचारलं.

बाईंनी छापील निवेदन पुढे ठेवलं. वारसाचं नाव, नातं, जन्मतारीख, पत्ता. त्याखाली चार ओळींचा मजकूर टाइप केलेला: सदर स्त्रीने महापुरात एकतीस तास पायऱ्यांवर उभे राहून नदीची पातळी मोजली व नोंदवली. त्याखाली थोडी मोकळी जागा.

अक्का आतल्या दारापाशी येऊन बसली होती. मोजणीनं तिच्यासाठी खुर्ची आणली होती.

नवऱ्याचा हात वकिलांच्या बायकोला पस्तीस वर्षं माहीत होता. कागदावर तो कधी अडखळत नसे. निरोप लिहिताना नाही, नोटिसा लिहिताना नाही, वडिलांच्या मृत्यूचा दाखला भरतानाही नाही. आज जन्मतारखेच्या रकान्यापाशी तो थांबला. पेन कागदावर टेकलं होतं आणि त्याखाली शाईचा बारीक ठिपका वाढत होता. हेडबाई त्या ठिपक्याकडे बघत होत्या. एक जून लिहिलं की सगळं जिथल्या तिथं राहणार होतं. माईचं नाव, घराची केस, साठ वर्षांची गोष्ट.

त्यानं लिहिलं: एकोणीस ऑगस्ट.

संग्रहालयाच्या बाई कागद उलटा असूनही वाचत होत्या. "तारीख तपासता का? पूर तेवीसचा आहे."

"इतकी वर्षं चुकीची होती. आता बरोबर आहे."

"म्हणजे तुम्ही तेव्हा चार दिवसांचे. मग पायऱ्यांवर..."

"तेच लिहितोय."

त्यानं टाइप केलेल्या मजकुरावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली. मोकळ्या जागेत लिहायला लागला. लिहिताना ओठ हलत होते. हे तिनं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "दुसरं नाव येत असेल तर मला वाद म्हणून नोंदवावं लागेल. नियम तुम्ही वाचलाच असेल."

"वाद घालायला दोन बाजू लागतात. इथं वारस दोन आहेत. दोघांच्या सह्या एकाच मजकुराखाली येणार असतील तर त्याला दुरुस्ती म्हणतात." त्यानं कागद बहिणीकडे सरकवला. "येणार आहेत ना?"

हेडबाईंनी चष्मा लावला. मजकूर एकदा वाचला, पुन्हा वाचला. कागद उलटून मागं काही लिहिलेलं नाही ना तेही पाहिलं.

"दोन नावं म्हणजे घर आता दुप्पट ऐतिहासिक झालं," त्या हळूच म्हणाल्या.

"सही नको असेल तर सांग."

"मी नको म्हटलं का?" त्यांनी सही केली. पूर्ण नाव, पदवीसकट. मग पेन खाली ठेवायचं सोडून तसंच हातात धरून बसल्या.

संग्रहालयाच्या बाईंनी कागद ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचला, मजकूर पक्का करताना वाचतात तसा. पहिल्या ओळीत पाणी कोणी मोजलं ते होतं आणि पुढे अक्काचं पूर्ण नाव, जे या घरात कोणी घेत नसे. दुसऱ्या ओळीत ते कोणी लिहिलं ते होतं आणि पुढे माईचं. बाईंनी अक्काकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि पिशवीतून दुसरा, लाल पट्टीचा फॉर्म काढला. त्यावर 'दुरुस्ती' असं छापलेलं होतं.

"समितीला आज रात्रीच पाठवते," त्या म्हणाल्या. "एका नावाला एकच ओळ धरलीय दगडावर. पण दगड अजून कापलेला नाही."

वकील मात्र बहिणीच्या हातातलं पेन घेऊन आता त्या फॉर्मवर वाकले होते. साक्षीदाराच्या जागी मोजणीचं नाव लिहायचं राहिलं होतं. पट्टी बाजूला सरकली होती. त्यांनी ती सरळ केली.

"बाळ," अक्का दारापाशी बसून म्हणाली. तिचा आवाज वयाच्या मानानं मोठा होता, लांबवर पोचायची सवय असलेला. "लिहिलंस?"

वकिलांनी मान वर केली. उत्तर त्यांना तोंडपाठ असल्यासारखं आलं.

"लिहिलं."

ते ऐकल्यावर अक्कानं कागदावरची नजर काढली.